पुटाखालचा स्फटिक

दसऱ्यापूर्वीच्या आठवड्यात आपल्या घरोघरी भांड्यांची जी घासाघीस चालते, ती वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. माळ्यावरची घंगाळे, तपेली, समया खाली येतात. वर्षभर साचलेला काळपट थर चिंचेने निघतो आणि तिसऱ्या प्रहरी मोरीजवळची फळी सोन्यासारखी झळकू लागते. मळ काढला की मूळचे रूप दिसते, हा धडा आपण अशा रीतीने लहानपणीच शिकतो. आणि तो इतका पक्का शिकतो की, कोणत्याही वस्तूवरचा कोणताही थर हा मळच असला पाहिजे, अशी आपली समजूत होऊन बसते. या समजुतीपायी माझ्या हातून एकदा एक सुंदर वस्तू कायमची नाहीशी झाली. ती वस्तू तांब्यापितळेची नव्हती, दगडाची होती; आणि ती माझीही नव्हती.

माझे थोरले काका, ज्यांना घरात सर्वजण अण्णा म्हणत, रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. खडीच्या खाणीत सुरुंग उडाला म्हणजे कधी कधी काळ्या पत्थराच्या पोटात पोकळी उघडी पडते आणि तिच्या भिंतींवर पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे स्फटिक लखलखताना दिसतात. पुष्कळदा ते तसेच खडीच्या यंत्रात जातात. अण्णांच्या डोळ्यांदेखत मात्र सहसा जात नसत. वीस वर्षांच्या फिरतीत त्यांनी असे दहाबारा नमुने जमविले होते. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ते मांडलेले असत आणि प्रत्येकाखाली अण्णांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी असे: गाव, खाण, तारीख. त्यांपैकी एका दगडावर बोटभर लांबीच्या, पांढऱ्याशुभ्र, सुईसारख्या काड्या पंख्याप्रमाणे पसरलेल्या होत्या. त्यांच्या अर्ध्या भागावर मात्र एक करडी, खरबरीत खपली चढलेली होती. ती मला नेहमी खटके.

१९७२ साली मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात रसायनशास्त्र शिकत होतो. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकले असता ती फसफसून विरघळते, हे ज्ञान मला नुकतेच झाले होते आणि ते कोठे वापरू असे झाले होते. खपलीवर एक थेंब टाकून पाहिला, ती फसफसली. अण्णा फिरतीवर होते. फरशी धुण्यासाठी आणलेल्या अ‍ॅसिडची बाटली मोरीच्या कोपऱ्यात होती. रात्री मी तो दगड लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत ठेवला, वरून अ‍ॅसिड ओतले आणि सकाळी सर्वांना चकित करावयाचे म्हणून झोपी गेलो.

सकाळी चकित मीच झालो. खपली गेली होती, परंतु तिच्याबरोबर काड्याही गेल्या होत्या. त्यांच्या जागी साबुदाण्याच्या खिरीसारखा दुधी, बुळबुळीत लगदा दगडाला चिकटून होता. बोट लावताच तो सुटून आला. काकू मागे येऊन उभी राहिली होती. तिने बरणीत पाहिले आणि म्हणाली, "अरे, तांब्याला चिंच, चांदीला रांगोळी. आधी भांडं कशाचं ते ओळखावं, मग हात लावावा." रसायनशास्त्राच्या वर्षभराच्या व्याख्यानांतून जे माझ्या डोक्यात शिरले नव्हते, ते तिच्या या एका वाक्यात होते. अण्णा परतल्यावर त्यांनी मला शब्दाने दुखविले नाही. तो उघडा दगड त्यांनी स्वच्छ पाण्याने धुतला आणि कपाटात पूर्वीच्याच जागी ठेवून दिला. चिठ्ठीही बदलली नाही.

अण्णा आज नाहीत. तो दगड अद्याप आहे. अलीकडे मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये स्फटिक जमविण्याचा छंद वाढत असलेला दिसतो. अजिंठा-वेरूळच्या सहलीहून घरी आलेला एखादा चकाकता दगड नाही, असे घर विरळा. अशा दगडावरील नको असलेले पुट कसे काढावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा काढू नये, हे मला फार महाग किंमत देऊन समजले. ते वाचकांस फुकट मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्फटिक येतात कोठून?

आपल्या पायाखालचा काळा पत्थर, शास्त्राच्या भाषेत बेसॉल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हारसाचा थिजलेला थर होय. एकावर एक असे अनेक थर साचून सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे झाले. लाव्हारस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले. भाकरीच्या पदरात वाफ कोंडावी तशा पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ, कित्येक ठिकाणी लक्षावधी वर्षे, खडकाच्या भेगांतून कोमट व उष्ण पाणी झिरपत राहिले. त्याने खडकातील द्रव्ये विरघळवून घेतली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर ती स्फटिकरूपाने ठेवली.

या स्फटिकांतील एका मोठ्या कुळाला झिओलाइट असे नाव आहे. स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट यांनी १७५६ साली असे एक खनिज तापवून पाहिले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ग्रीक भाषेतील 'उकळणे' आणि 'दगड' या दोन शब्दांपासून त्यांनी हे नाव बनविले. ते फसफसले, याचे कारण झिओलाइटच्या घडणीतच पाणी असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही या कुळातील आपल्याकडे नेहमी आढळणारी नावे होत. ज्या काड्या मी घालविल्या त्या स्कोलेसाइटच्या. त्यांच्या शेजारी बहुधा अ‍ॅपोफिलाइट असते. ते काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण नेहमी त्यांच्या संगतीत राहते. काचेसारखे स्वच्छ, चौकोनी अंगाचे हे स्फटिक पुण्याजवळच्या पाषाण येथील खाणींत हिरव्या रंगाचे सापडले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. गावाच्या नावातच दगड असावा आणि त्या दगडाने गावाचे नाव देशोदेशी न्यावे, हा योग मोठा मौजेचा आहे. त्यापूर्वीही बोरघाटातील रेल्वेचे काम चालू असताना (तो मार्ग १८६३ साली खुला झाला) खडक फोडताना निघालेले स्फटिक परदेशी संग्राहकांच्या हाती पोहोचले होते. आज सिन्नर येथे 'गारगोटी' या नावाचे खास संग्रहालयच उभे आहे. तात्पर्य, ज्या वस्तूसाठी दूरदेशीचे लोक दाम मोजतात, ती आपल्या अंगणातली आहे. तिची निगा आपल्याला माहीत असावी, हे उचितच होय.

पुट कशाचे, हे आधी ओळखा

खाणीतून निघालेला नमुना क्वचितच स्वच्छ असतो. त्यावरील पुटांचे ढोबळ मानाने चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार साध्या मातीचा. बेसॉल्ट कुजून झालेली ही तांबूस किंवा हिरवट चिकणमाती काड्यांच्या फटींतून घट्ट बसलेली असते. नखाने ती खरवडली जाते आणि पाण्यात भिजवली की मऊ होते.

दुसरा प्रकार लोखंडाच्या गंजाचा. पिवळट, तपकिरी किंवा गेरूसारखा लाल असा हा डाग असतो. तो पाण्याने हलत नाही. काळा, काजळीसारखा डाग असेल तर तो बहुधा मँगनीजचा समजावा.

तिसरा प्रकार चुन्याचा, म्हणजे कॅल्साइटचा. आपल्या न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात जी पांढरी खपली धरते, तिचाच हा भाऊ. यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून दसपट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावे; बारीक बुडबुडे सुटताना दिसले तर तो चुना.

चौथा प्रकार गारेचा, म्हणजे सिलिकाचा. साखर पेरल्यासारखे बारीक कण किंवा मेणचट, निळसर-पांढरा पापुद्रा असे याचे रूप असते. तो चाकूने ओरखडत नाही आणि व्हिनेगरला दाद देत नाही.

पुट ओळखल्यावर दुसरे काम त्याच्या खाली काय आहे ते ओळखण्याचे. माझी चूक नेमकी येथे झाली. खपली चुन्याची आहे, हे मी बरोबर ताडले होते. ती ज्यावर बसली होती त्या काड्या कशाच्या, हे मी स्वतःला विचारलेच नाही. गार हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडला भीत नाही. ते खाली गारेचे स्फटिक असते, तर माझा प्रयोग कदाचित यशस्वी होऊन मी आयुष्यभर अज्ञानातच राहिलो असतो. परंतु स्कोलेसाइटसारख्या झिओलाइटमधील कॅल्शियम व अ‍ॅल्युमिनियम हे अ‍ॅसिड ओढून घेते आणि मागे उरलेल्या सिलिकाचा लगदा होतो. खनिज ओळखण्याची ही जुनी परीक्षाच आहे. मी ती परीक्षा अजाणता घेतली आणि परीक्षेत वस्तूच खर्ची पडली.

सौम्यापासून आरंभ

वैद्य ज्याप्रमाणे प्रथम पथ्य सांगतो, मग काढा देतो आणि शस्त्राची गोष्ट सर्वांत शेवटी काढतो, तोच क्रम येथेही पाळावा.

पहिला उपाय पाणी. नमुना साध्या, खोलीइतक्याच उष्णतेच्या पाण्यात दोनतीन दिवस ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. माती आपोआप सुटू लागते. रेशमी वस्त्रांसाठी आपण जे रिठ्याचे पाणी करतो, ते गाळून येथे वापरल्यास चालते. साबणाचे चार थेंबही चालतील. नंतर मऊ कुंचल्याने, काड्यांच्या दिशेनेच, हळूहळू माती काढावी. आडवा हात फिरविल्यास काड्या तुटतात. फटींतील माती बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या टोकदार काडीने उकरावी. सुई वापरू नये, कारण पोलाद यांतील बऱ्याच स्फटिकांहून कठीण असते आणि त्याचा ओरखडा कायमचा राहतो. गरम पाणी कटाक्षाने टाळावे. अ‍ॅपोफिलाइटला पापुद्र्यापापुद्र्याने फुटण्याची सवय असते. एकदम उष्णता लागली की त्याला आडवी चीर जाते. त्याच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थही 'पापुद्रे सुटणारे' असाच आहे. सोनाराकडे दागिने धुण्याचे जे ध्वनिकंपनांचे यंत्र असते, तेही बारीक काड्यांच्या नमुन्यास घातक ठरते.

पाण्यापासूनही दूर ठेवावयाचे काही नमुने आहेत. ओकेनाइट हे कापसाच्या बोंडासारखे दिसणारे पांढरे गोळे होत. त्यांचे तंतू ओले झाले की एकमेकांस चिकटतात आणि वाळल्यावर बोंडाचे भिजके लोकर होते. त्यांस बोटही लावू नये. कॅमेऱ्यावरील धूळ उडविण्याचा रबरी फुगा तेवढा वापरावा. वाघोलीच्या खाणींतून निघालेले गर्द निळे कॅव्हॅन्साइट, जे १९६७ साली प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले होते, त्यासारख्या दुर्मीळ वस्तूला मी तरी साध्या पाण्यापलीकडे काही लावणार नाही.

चुन्याची खपली काढावयाची असेल तर बाजारी व्हिनेगर पुरेसे आहे. त्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे प्रमाण शेकडा ४-५ इतकेच असते. झिओलाइटवर काम करताना त्यातही निम्मे पाणी घालावे. नमुना प्रथम साध्या पाण्यात भिजवून घ्यावा, म्हणजे आम्ल फटींत खोल ओढले जात नाही. मग तो पाऊण-एक तासच व्हिनेगरमध्ये ठेवावा, काढावा, धुवावा आणि भिंगातून पाहावा. स्फटिकांच्या कडा अद्याप धारदार आहेत काय? पृष्ठभागाची चमक मंद तर झाली नाही ना? ठीक असल्यास पुन्हा ठेवावा. या कामी एका रात्रीची घाई करण्यापेक्षा आठ दिवसांचे आठ तास बरे. आणखी एक सूचना: स्फटिकांचा गुच्छ कधी कधी कॅल्साइटच्या आधारावरच उभा असतो. तसे असल्यास खपलीबरोबर बुंधाही विरघळतो आणि सबंध गुच्छ तळाशी येतो.

गंजाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड प्रसिद्ध आहे. गारेच्या स्फटिकांवर ते उत्तम काम करते, मात्र ते विष आहे. शिवाय नंतर पुरेसे धुतले नाही तर पिवळट झाक मागे राहते. झिओलाइट व कॅल्साइट यांबाबत मात्र त्याचा एक मोठा दोष आहे. या खनिजांत कॅल्शियम असते आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेट नावाचा पांढरा, न विरघळणारा पदार्थ बनतो. हा पदार्थ आपल्याला अपरिचित नाही. कच्च्या अळूने घशाला जी खाज सुटते, ती याच द्रव्याच्या सुयांमुळे; बहुतेक मूतखडेही याचेच. एक पुट काढावयास जावे आणि त्याहून चिवट दुसरे चढवून बसावे, असा हा प्रकार होतो.

यावर संग्रहालयांत वापरली जाणारी तोड वेगळी आहे. १९६० साली मेहरा आणि जॅक्सन या शास्त्रज्ञांनी मातीच्या नमुन्यांतील लोहाचा अंश काढून टाकण्यासाठी एक रीत प्रसिद्ध केली. पुढे १९८० साली कॅनडातील रॉबर्ट वॉलर यांनी तिच्याच धर्तीवर खनिजांच्या नमुन्यांसाठी रीत सांगितली. तीत सोडियम डायथायोनाइट, सोडियम सायट्रेट आणि आपला खाण्याचा सोडा ही तीन द्रव्ये पाण्यात एकत्र करतात. डायथायोनाइट हे कापडाला नीळ चढविणाऱ्या रंगाऱ्यांच्या नित्य वापरातले द्रव्य आहे. न विरघळणाऱ्या गंजाचे ते विरघळणाऱ्या लोहात रूपांतर करते. सायट्रेट त्या लोहाला पाण्यात धरून ठेवते. आणि सोडा द्रावण आंबट होऊ देत नाही. आम्ल नसल्यामुळे ही रीत नाजूक खनिजांना पुष्कळच सोसते. तथापि डायथायोनाइटच्या पुडीला ओल लागली तर ती तापून पेट घेऊ शकते, आणि द्रावणातून गंधकाचा कोंदट वायू सुटतो. म्हणून हे काम घरात न करता, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

राहिला गारेचा पापुद्रा. त्यावर घरगुती इलाज नाही. त्याला विरघळविणारे हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड त्वचेतून आत शिरते आणि शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. तळहाताएवढ्या भागावर जरी ते सांडले तरी प्राणावर बेतू शकते. कोणी कितीही अनुभवाचे दाखले दिले, तरी ही बाटली घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये. गारेचे पुट आहे तसे आवडून घ्यावे. पुष्कळदा तेच त्या नमुन्याचे सौंदर्य असते.

घरातील काही पथ्ये

एकत्र कुटुंबात हे काम करावयाचे तर काही नियम घालून घेतले पाहिजेत. जे भांडे एकदा या कामी लागले, ते पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. आपल्या आज्यांनी सोवळ्याचे नियम ज्या कडकपणाने पाळले, तोच कडकपणा येथे दाखवावा. मी लोणच्याची बरणी घेतली होती, हे आठवले म्हणजे आजही अंगावर काटा येतो. कोणतेही आम्ल पाण्याच्या अगर सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. बाटलीवर ठळक चिठ्ठी असावी आणि ती कुलपात असावी. आम्लात पाणी न ओतता नेहमी पाण्यात आम्ल ओतावे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि काम गच्चीवर किंवा उघड्या पडवीत करावे. आम्ल वापरून झाले की त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फसफस थांबेपर्यंत त्याचा जोर मोडावा. तुळशीच्या कुंड्यांत अथवा बागेत ते ओतू नये.

नमुना आम्लात जितका वेळ राहिला असेल, त्याच्या कित्येक पट वेळ तो साध्या पाण्यात ठेवावा, कारण आम्ल फटींत लपून राहते आणि महिनोन्महिने आपले काम करीत बसते. शेवटचे धुणे बॅटरीत घालावयाच्या शुद्ध पाण्याने करावे. विहिरीच्या जड पाण्याने केल्यास ते पाणी वाळताना चुन्याचा नवा थर ठेवून जाते. वाळविणे सावलीत. झिओलाइटच्या घडणीतच पाणी असते, हे वर सांगितलेच आहे. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ते पाणी उडू लागते. लॉमोंटाइट नावाचा एक झिओलाइट तर कोरड्या हवेतही पाणी गमावून पिठासारखा भुगा होतो.

देवघरातील शाळिग्राम, बाण इत्यादींवर यांपैकी कोणताही प्रयोग करू नये, हे सांगण्याची वास्तविक गरज नाही. परंतु उत्साही मुलांच्या घरात ते सांगून ठेवलेले बरे.

थांबावे कोठे?

गेल्या हिवाळ्यात माझी नात अजिंठ्याच्या सहलीहून एक दगड घेऊन आली. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून तिने तो घेतला होता. अशा ठिकाणी कधी कधी रंगविलेले दगडही गळ्यात मारतात, म्हणून प्रथम मी तो ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिला. रंग लागला नाही. केशरी-गुलाबी स्टिल्बाइटची पाने, त्यांवर अ‍ॅपोफिलाइटचे दोन ठळक स्फटिक, आणि या सर्वांवर माती, गंज व पांढरी खपली, असा तो नमुना होता. "आजोबा, हे सगळं घालवून द्या," ती म्हणाली. मी तिला कपाटातला अण्णांचा उघडा दगड दाखविला आणि बरणीची हकीकत सांगितली. ती ऐकून तिने तो दगड हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "म्हणजे आधी काय करायचं?"

आधी आम्ही पाहिले. दोन दिवस नुसते भिंगातून पाहिले आणि वहीत टिपून ठेवले. मग चार दिवस पाणी आणि रिठे. माती गेली तसे अ‍ॅपोफिलाइटचे एक अंग काचेसारखे चमकले. खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाकला, बुडबुडे आले. गुच्छाच्या बुडाशी कोठे कॅल्साइट आहे काय, तेही पाहिले, नव्हते. तेव्हा पातळ व्हिनेगरमध्ये एकेक तासाची बुडी, अशा तीन बुड्या तीन दिवसांत दिल्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या स्फटिकाचे टोक मोकळे झाले.

चौथ्या बुडीपूर्वी नात भिंग घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "थांबा. ही खपली नाहीये." मी पाहिले. मोठ्या पापुद्र्याखाली, दोन गुलाबी पानांच्या कुशीत, राईएवढ्या कॅल्साइटच्या स्वच्छ, टोकदार स्फटिकांची एक रांग बसली होती. ज्याला आम्ही मळ म्हणत होतो, त्याच द्रव्याचे ते नीट वाढलेले रूप होते. प्रथम स्टिल्बाइट, मग त्यावर अ‍ॅपोफिलाइट, आणि सर्वांच्या शेवटी हे कॅल्साइट. त्या पोकळीतून कोणत्या क्रमाने कोणते पाणी वाहून गेले, त्याची ती नोंदच होती. चौथी बुडी दिली असती तर त्या नोंदीचे शेवटचे पान आम्ही पुसून टाकले असते.

आम्ही तेथेच थांबलो. एका बाजूला थोडी खपली राहिली आहे आणि तळाशी गंजाचा तपकिरी डागही आहे. तो डाग पुढे कधीही, अधिक चांगली रीत हाती आल्यावर, काढता येईल. पण काढून टाकलेला स्फटिक कोणत्याही रीतीने परत बसविता येत नाही. डाग आणि स्फटिक यांतला हा भेद अण्णांचा दगड पन्नास वर्षे मला दाखवीत आला आहे.

नातीने आपल्या दगडाखाली चिठ्ठी ठेवली आहे. तीवर तिने ठिकाण, तारीख आणि वापरलेली द्रव्ये लिहिली आहेत. शेवटी 'तीन वेळा, एकेक तास' असेही लिहिले आहे. ती चिठ्ठी लिहून झाल्यावर तिने मला विचारून अण्णांच्या जुन्या चिठ्ठीखालीही एक ओळ लिहिली: 'स्कोलेसाइट. १९७२ साली अ‍ॅसिडने गेले.' पन्नास वर्षांत ही ओळ लिहिण्याचे धैर्य मला झाले नव्हते. आता दोन्ही दगड कपाटात शेजारी-शेजारी आहेत.